डिसेंबरात मुलांकडे, बर्फाच्या गावी: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या आई-बाबांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागला की आपल्याकडे घरोघरी वजनकाटा बाहेर निघतो. कुणाची लेक टोरोंटोला, कुणाचा मुलगा मिनियापोलिसला, आणि नाताळच्या सुट्टीत आई-बाबांनी यायचंच असा फोनवर हट्ट. मग टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ भेटलेला प्रत्येक जण तेच विचारतो. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून काढली आहेत. उदाहरणं जास्त करून टोरोंटोची आहेत, कारण तिकडचंच जवळून पाहिलेलं आहे. व्हिसा आणि कस्टमचे नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचून घ्यावं. वॉट्सअपवर आलेलं खरं धरू नये.

डिसेंबरातच कशाला? उन्हाळ्यात गेलो तर?

फिरायचं असेल तर जून ते सप्टेंबर जा, त्यात वादच नाही. पण उन्हाळ्यात मुलं कामावर आणि आपण घरात, असा प्रकार होतो. नाताळाच्या आसपास शाळांना साधारण दोन आठवडे सुट्टी असते, कचेऱ्याही सुस्तावलेल्या असतात. नातवंडं दिवसभर घरात, जावई दुपारी पायजम्यात, असं दृश्य फक्त तेव्हाच दिसतं. गावं बघायची की माणसं, हे आधी ठरवा.

थंडी नेमकी किती? आम्हाला सोसेल का?

बेळगावात पारा १२-१३ अंशांवर आला की आपण कानटोपी शोधतो. टोरोंटोत जानेवारीतली सरासरी उणे ४ च्या आसपास असते आणि एखाद्या लाटेत उणे २० पर्यंतही जाते. विनिपेग किंवा एडमंटनला तर उणे २० ची रात्र ही बातमीच नव्हे. त्यात वारा वेगळा. पारा उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. म्हणून तिकडच्या हवामानाच्या अंदाजात दोन आकडे असतात. आपण दुसरा बघायचा.

पण सोसण्याचा प्रश्न लोक समजतात तेवढा मोठा नाही. घर, गाडी, दुकान, सगळं तापवलेलं असतं. घरात २०-२१ अंश, म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली सुखाची सकाळ. बाहेर राहायचं ते गाडीपासून दारापर्यंत, नाहीतर ठरवून फिरायला गेलात तर. खरा त्रास थंडीचा नसतो, अंधाराचा असतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, ते वगळू नका.

गरम कपडे खडेबाजारातून घेऊन जावेत का?

आतले घ्या, बाहेरचे नकोत. थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे, एक चांगला स्वेटर, कानटोपी एवढं इथून न्या. जाड जॅकेट आणि बूट मात्र तिथेच घ्या. आपल्या बाजारातलं जाड दिसणारं जॅकेट महाबळेश्वरच्या हिशेबाने शिवलेलं असतं. त्यातून वारा आरपार जातो, आणि तरीही ते निम्मी बॅग खातं. लेकीला माप कळवून ठेवा आणि जॅकेट घेऊन विमानतळावरच यायला सांगा. बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं जी हुडहुडी भरते ती तेवढ्याने टळते.

याबाबतीत आपल्या गावात सल्लागारांची कमी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात आहे, त्यामुळे येळ्ळूर, कंग्राळी, खानापूरकडे बर्फात नोकरी केलेला एखादा निवृत्त सुभेदार सहज भेटतो. त्यांचं सांगणं एकच असतं: एक जाड कपडा घालू नका, तीन पातळ घाला, आणि अंगाला घाम येऊ देऊ नका. ओला कपडा ऊब धरत नाही. म्हणून दुकानात शिरलात की लगेच चेन खाली ओढायची, टोपी खिशात टाकायची. संकोचापोटी जॅकेटमध्ये घामाघूम होऊन मॉलमध्ये हिंडणारी माणसं बाहेर आली की काकडतात. आतला थर सुती नको, हेही तेच सांगतील. सुती बनियन घाम धरून ठेवतं.

हातमोजे पाच बोटांचे घेण्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. फोन उचलायला अडचण होते, पण बाहेर फोन उचलायचाच कशाला?

साडी नेसणाऱ्यांसाठी: आत थर्मलची विजार, वर परकर, पायात गुडघ्याखालपर्यंत बूट असं जमतं. पण बर्फातून चालताना काठ भिजतो, मग गोठतो, आणि चालताना नडग्यांना लागतो. तिकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गाडीतून जायचं असेल तर साडी, रोजच्या चालण्याला सलवार किंवा पँट. सासूबाई काय म्हणतील याची काळजी आता या वयात सोडायला हरकत नाही.

पासपोर्टवर 'बेलगाम' आहे आणि आधारवर 'बेळगावी'. अडेल का?

शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, त्यामुळे निम्म्या घरांत ही जोडी आहे. जन्मगावाच्या नावामुळे सहसा अडत नाही, अर्जात मात्र पासपोर्टवर जसं छापलंय तसंच लिहा. अडतं ते माणसाच्या नावावरून. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, तिसऱ्यावर ते मध्यलं नावच गायब. लग्नानंतर बदललेलं बाईचं नाव तर तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी असतं. तिकीट काढणाऱ्या मुलाला पासपोर्टचा फोटो पाठवा, नाव फोनवर सांगू नका.

दुसरी अडचण खास सीमाभागातली. शेताचा उतारा कन्नडात, लग्नाचा जुना दाखला मराठीत, आणि कॅनडाला कागद हवेत इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. मूळ कागदासोबत प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा गणपती झाले की लगेच कामाला लागा. परत येणार याचा पुरावा म्हणून घर-शेताचे कागद उपयोगी पडतात, त्यामुळे 'कन्नडात आहे, राहू दे' म्हणून उतारा बाजूला ठेवू नका.

कॅनडाचा सुपर व्हिसा म्हणजे काय? साधा का नको?

एकदाच महिना-दोन महिने जायचं असेल तर साधा पर्यटक व्हिसा पुरतो. सुपर व्हिसा आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी आहे. तो २०११ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि २०२२ पासून त्यावर एका खेपेत ५ वर्षांपर्यंत राहता येतं. त्याला मुलाचं ठरावीक उत्पन्न, वैद्यकीय तपासणी आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो.

साध्या व्हिसावर जाणाऱ्यांनाही विमा घ्याच असं माझं ठाम मत आहे. तिकडचं सरकारी औषधपाणी तिथल्या रहिवाशांना आहे, पाहुण्याला बिल भरावं लागतं. पॉलिसीत एक कलम मात्र चष्मा लावून वाचा: आधीपासूनचा आजार 'स्थिर' असल्याची अट. निघण्यापूर्वीच्या काही महिन्यांत बीपीच्या गोळीचा डोस बदलला तरी आजार स्थिर नाही असं धरलं जाऊ शकतं. डॉक्टरांनी डोस बदलला तर तो घ्यायचाच, पण विमा कंपनीला आधी कळवायचं. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीचं कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव हवं.

विमान कुठून धरावं?

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, परदेशी विमान नाही. मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही साधारण ५०० किलोमीटर. बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीत पोचता येतं. सांबऱ्याहून जोडविमान मिळालं तर सोन्याहून पिवळं, फक्त सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान चुकलं, तर पुढच्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

तिकडे उतरताना वादळाने उशीर होणं नेहमीचं आहे. परतताना उड्डाणाआधी विमानाच्या पंखांवरचं बर्फ औषधी पाणी फवारून काढतात, त्याला रांग असते. खिडकीतून नारिंगी-हिरवं पाणी ओघळताना दिसलं तर घाबरू नका.

खायला काय न्यावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात सगळ्यात जास्त भावना गुंतलेल्या असतात. आधी एक गोष्ट मान्य करा: टोरोंटोलगतच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या देशी दुकानात तूरडाळीपासून मेथीच्या जुडीपर्यंत सगळं मिळतं. तिथे पोहे नेणं म्हणजे कणकुंबीला पाऊस नेणं. जे विकत मिळत नाही तेवढंच न्या.

माझी यादी अशी: घरचं वर्षाचं तिखट, संकेश्वरी मिरचीचं. शेंगांची आणि कारळ्याची चटणी. सांडगे, कुरडया. आणि कडक भाकरी, जी आपल्या भागाबाहेर कुणाला फारशी ठाऊकच नाही. ज्वारीची ती पापडासारखी भाकरी महिनाभर सहज टिकते. फक्त बॅगेत चुरा होतो, म्हणून स्टीलच्या डब्यात, वर-खाली कागद घालून भरा. बर्फ पडतंय, बाहेर संध्याकाळीच काळोख झालाय, आणि ताटात दह्याबरोबर शेंगांची चटणी, कांदा, मोडलेली कडक भाकरी! लेकीच्या तोंडून पहिला घास संपेपर्यंत शब्द फुटत नाही.

गोडाचं म्हणाल तर कुंदा नेऊ नका. दुधाचा पदार्थ, टिकत नाही, आणि दुधाच्या पदार्थांचे नियम देशागणिक वेगळे. गोकाकचा करदंट न्या, डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचा असल्यामुळे तो प्रवास सोसतो. मांडे नेण्याचा विचारही करू नका, हनुमाननगरपर्यंत नीट पोचले तरी नवल.

काय नको: ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, मांस-मासळी. कढीपत्त्याला अमेरिकेत सक्त मनाई आहे, लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग पसरवणारी कीड त्यावरून येते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याची भीती असते. दुबई-अबुधाबीला मध्ये मुक्काम करणार असाल तर खसखस अजिबात नको. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, आणि आपल्या अनारशावर ती लावलेली असते हे आपल्या लक्षात राहत नाही.

उतरल्यावर 'खाण्याचे पदार्थ आहेत का' या प्रश्नाला 'आहेत' असंच उत्तर द्यायचं. सांगितलेली वस्तू नियमात बसत नसेल तर फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर कॅनडात १,३०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आणि शेंगांची चटणी नातवाच्या शाळेच्या डब्यात देऊ नका, शेंगदाण्याची ॲलर्जी तिकडे फार गांभीर्याने घेतात.

घरात वावरताना काय वेगळं?

पहिली फोडणी घालाल तेव्हा कळेल. मोहरी तडतडली, लाल मिरची पडली, की छताला लावलेलं धुराचा इशारा देणारं यंत्र किंचाळायला लागतं. मग जावई टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालतोय, लेक खिडकी उघडतेय, आणि खिडकीतून उणे १० ची हवा आत. उपाय सोपा आहे: कढई तापायच्या आधी चुलीवरचा पंखा पूर्ण वेगात, तेल मध्यम आचेवर. उदबत्तीही त्या यंत्रापासून लांब. यंत्राची बॅटरी काढून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लाकडी घरं असतात ती.

दुसरं म्हणजे कोरडेपणा. तापवलेल्या हवेत ओलावा नसतो. तिसऱ्या दिवशी ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, सकाळी नाकात रक्ताची खपली दिसते, आणि दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. पाणी पीत राहा, अंघोळीचं पाणी कढत घेऊ नका, अंघोळ होताच अंग ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावा. खोबरेल तेल बाटलीत थिजून बसेल, रुंद तोंडाच्या डबीत न्या.

बुटांचंही शास्त्र आहे. रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं. बूट दारातल्या ट्रेमध्येच काढायचे, नाहीतर घरभर खारट पाणी आणि बुटांवर पांढऱ्या रेघा.

दिवसभर करायचं काय?

आता अंधाराबद्दल. २१ डिसेंबरच्या सुमारास बेळगावात सुमारे ११ तास उजेड असतो. टोरोंटोत ९ तासही नाही, पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. एडमंटनला तर साडेसात तासच. त्यातही ढग. आपण चार वाजता चहा टाकतो आणि कप धुवून होईतो बाहेर रात्र. सुट्टीचे दोन आठवडे गडबडीत जातात. खरी परीक्षा ५ जानेवारीनंतर, जेव्हा सगळे कामाला-शाळेला जातात आणि घरात फक्त हीटरचा आवाज. गाडी चालवता येत नाही, शेजारी दिसत नाहीत, भारतात फोन करावा तर साडेदहा तासांचा फरक: तिकडे दुपारचे दोन म्हणजे इकडे मध्यरात्र उलटलेली. उदास वाटतं, विनाकारण रडू येतं, आणि मग लोक म्हणतात 'थंडी मानवली नाही'.

यावर मला पटलेले उपाय असे. सकाळी उजाडताच पडदे उघडायचे. अकरा ते दोनच्या दरम्यान बाहेर जायचंच, ऊन असो वा ढग, वीस मिनिटं तरी. हवा फारच वाईट असेल तर मॉलमध्ये चाला, कित्येक मॉल दुकानं उघडण्याआधी चालणाऱ्यांसाठी दार उघडतात. सार्वजनिक वाचनालयात उबेला कितीही वेळ बसता येतं, कुणी विचारत नाही. बसचं कार्ड पहिल्याच आठवड्यात करून घ्या आणि वाचनालयापर्यंतचा रस्ता लेकीबरोबर एकदा करून बघा. जो माणूस एकटा बसने जाऊन येतो त्याचा मुक्काम सुखाचा होतो, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

आणि घरातलं एक काम स्वतःचं म्हणून घ्या. नातवाला बसथांब्यावरून आणणं असेल, संध्याकाळची भाकरी असेल. पण अख्खं स्वयंपाकघर ताब्यात घेऊ नका. सुनेने लावलेले डबे नव्याने लावायची हौस असेल तर ती बेळगावला परतल्यावर स्वतःच्या फडताळावर भागवा.

जानेवारीत संक्रांत येते, आणि मोठ्या शहरांतल्या महाराष्ट्र मंडळांचं हळदीकुंकू असतं. तिळगूळ, हलवा आणि वाणाला देण्यासारख्या हलक्या वस्तू इथूनच न्या. तिथे 'बेळगावच्या का? आम्ही शहापूरचे!' म्हणणारं कुणीतरी निघतंच.

बर्फावर घसरून पडलो तर?

ताजं भुसभुशीत बर्फ धोक्याचं नसतं. धोका असतो वितळून पुन्हा गोठलेल्या पातळ थराचा. तो काचेसारखा पारदर्शक, खाली काळा रस्ता दिसतो आणि ओलं आहे असं वाटतं. बदकाच्या चालीने चाला: छोटी पावलं, पाय जरा फाकलेले, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. बुटांवर चढवायचे काटेरी रबरी पट्टे मिळतात, साठीच्या पुढच्यांनी ते घ्यावेतच. दुकानात शिरताना मात्र काढा, फरशीवर तेच घसरतात.

बोटं बधिर होऊन पांढरी पडली तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. आत या, कोमट पाण्यात बुडवा. संवेदना परत आली नाही तर दवाखाना.

जावई फावड्याने बर्फ काढतो, मी मदत करू का?

नको. दिसायला कापूस असतो, उचलल्यावर कळतं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, त्यात अचानक जोर लावला की हृदयावर ताण येतो. दरवर्षी तिकडे मोठं बर्फ पडलं की अशा बातम्या येतात. पायऱ्यांवर मीठ टाका, तेवढी मदत पुष्कळ झाली.

तीस सेंटिमीटर बर्फ म्हणजे फार का हो?

पाण्याच्या हिशेबात नाही. साधारण १० सेंटिमीटर बर्फ वितळलं की १ सेंटिमीटर पाणी होतं. म्हणजे ३० सेंटिमीटर बर्फ म्हणजे ३० मिलिमीटर पाऊस. खानापूरच्या पश्चिमेकडे जुलैत एवढ्याला कुणी छत्रीही उघडत नाही. फरक इतकाच की हे वाहून जात नाही, साचून बसतं. म्हणून शहर थांबतं.

बफेलोला शाळूसोबती आहे. टोरोंटोहून दोनच तासांचा रस्ता, जाऊन येऊ का?

जा, पण अंदाज बघून आणि परतीची तारीख मोकळी ठेवून. आधी लक्षात घ्या की मध्ये देशाची सीमा आहे. अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो. बेळगावहून महाराष्ट्रातल्या शिनोळीला जाण्यासारखं ते नाही, आणि कॅनडात परत येण्याइतका व्हिसाही शिल्लक हवा.

बफेलोचं बर्फ कुप्रसिद्ध आहे. एरी सरोवराचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. त्यावरून कोरडा थंड वारा येताना वाफ उचलतो आणि काठावर येऊन सगळं ओततो, तेही अरुंद पट्ट्यात. एका मोहल्ल्यात गुडघाभर, दहा मैलांवर लख्ख ऊन. २०२२ च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेला काही ठिकाणी दोन मीटरच्या आसपास बर्फ पडलं, आणि त्याच वर्षी नाताळात आलेल्या हिमवादळात त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. काही जण गाडीत अडकून. म्हणून 'प्रवास करू नका' अशी सूचना आली की मित्र कितीही आग्रह करो, निघू नये. गाडीत घोंगडं, पाणी, खाणं, टॉर्च असावंच. अडकलात तर गाडी सोडून चालत सुटू नका. इंजिन सुरू ठेवायचं असेल तर मागचा धुराचा पाइप बर्फाने बुजलेला नाही हे आधी बघा, नाहीतर विषारी वायू आत भरतो.

मुलांच्या मित्रांकडे रात्री जेवायला गेलात तरी लवकर निघा. हिवाळ्यात पुष्कळ शहरांत रात्री रस्त्यावर गाडी लावायला बंदी असते, बर्फ ढकलणाऱ्या गाड्या फिरतात. आपल्यासारखं दारात उभं राहून अर्धा तास निरोप घेणं जमत नाही, घरातली ऊब निघून जाते.

नायगारा हिवाळ्यात बंद असतो का?

धबधबा बंद कसा असेल! पाणी पडतच असतं, कडेला बर्फाचे डोंगर साचतात आणि कठड्यांवर तुषार गोठतात. उन्हाळ्यातल्या होड्या बंद असतात. गर्दी नसते, हॉटेलं स्वस्त असतात. गोकाकचा धबधबा भर पावसात पाहिलेल्यांनी तुलना करायचा मोह मात्र आवरावा, जावयाने पेट्रोल घातलेलं असतं.

नाताळात बर्फ नक्की दिसेल ना?

टोरोंटोत खात्री नाही. कॅनडात २५ डिसेंबरला सकाळी सातला जमिनीवर किमान २ सेंटिमीटर बर्फ असेल तरच 'पांढरा नाताळ' धरतात, आणि टोरोंटोत कित्येकदा नुसता चिखल असतो. जानेवारीअखेरपर्यंत राहाल तर मात्र कंटाळा येईपर्यंत दिसेल.

निघण्यापूर्वी इथली कामं?

पेन्शनरांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरात देऊनच निघावं. राहून गेला तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण काढता येतं, पण त्यासाठी इथलं सिम चालू हवं. बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर येतात. रोमिंगचा छोटा पॅक टाकून ठेवा. टाकी रिकामी करा, गॅसचा रेग्युलेटर काढा, किल्ली शेजारच्या अक्कांकडे. आणि त्यांचा पहाटे फोन आला, 'बर्फ पडूलाय काय गं?', तर तिकडे संध्याकाळ असते, निवांत बोला.